माझ्या गाडीत नुसत्या शेणी

दादू मिस्त्रींना आज सुहासच्या पिकअपमधून नेलं. माझ्या नाही.

आज मंगळवार. सकाळी सात वाजून दहा मिनिटं. मार्केट यार्डात भाजी टाकून आलो होतो आणि टायरची हवा बघत होतो. तेवढ्यात फोन आला.

मिस्त्री झोपेतच गेले.

मी आधी गाडीचा हौदा धुऊन काढला, त्यात स्वच्छ ताडपत्री अंथरली. मगच रडलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझी आणि सुहासची पिकअप एकाच वर्षीची, एकाच रंगाची. आमच्या दोघांच्या वडिलांनी बरोबर जाऊन घेतलेल्या. मी भाजी नेतो, तो डेअरीचं दूध. दोन्ही गाड्या कधीच भंगारात गेल्या असत्या. मिस्त्रींनी जाऊ दिल्या नाहीत.

गॅरेजात काम झालं की ते ट्रायलला शेजारी बसायचे आणि डोळे मिटून इंजिन ऐकायचे.

सुहासची ट्रायल पन्हाळ्याच्या घाटात.
माझी कळंब्याच्या तलावापर्यंत.

एकदा न राहवून विचारलं, त्याला पन्हाळा आणि मला कळंबाच का?

"त्यो काय बिघडलंय ते सांगतच न्हाय, म्हणून घाटात न्ह्यावं लागतंय. तू येतानाच समदं सांगतोस. गाडीला बोलायला काय ठेवलंयस?"

सगळं गॅरेज हसलं. सुहास जास्तच हसला.

माझी गाडी वाटेत बंद पडायची हे खरं आहे. दर रविवारी मी काळजीपोटी डिझेल फिल्टर उघडून बघायचो आणि लाइनमध्ये हवा शिरायची. सोमवारी गाडी रस्त्यात उभी.

शेवटी एका अमावास्येला मिस्त्रींनी लिंबू-मिरची आणली. सगळे गाडीच्या पुढे बांधतात. त्यांनी माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि थेट फिल्टरच्या बोल्टला बांधली.

"आता सोडून दाव. ह्याला हात लावलास तर मला हाक मारू नगंस."

तेव्हापासून फिल्टर उघडला नाही आणि गाडी एकदाही बंद पडली नाही. दर अमावास्येला ते लिंबू मिस्त्री स्वतः बदलायचे. सुहासची लिंबू-मिरची सुहासच बांधायचा.

हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. पण मला बरं वाटायचं.

गावात मात्र गाडीचं नाव एकदा खराब झालं की ते पुसलं जात नाही.

आज मिस्त्रींच्या दारात गाडी लावली, तर त्यांचे थोरले भाऊ आप्पा जवळ आले. खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "तुझी नगं बाळा. मधीच हुबी ऱ्हायली तर? सुहासची घेऊया. तू शेणी घिऊन ये."

मी ताडपत्री गुंडाळली आणि सरणासाठी शेणी, म्हणजे गोवऱ्या, भरल्या.

पुढे सुहास, मागे मी. पहिल्या गिअरमध्ये, माणसांच्या चालीने.

चढाला मी काच खाली केली. माझं इंजिन ऐकत होतो आणि त्याचंही. त्याच्यात काहीतरी जास्त चांगलं असेल, ते सापडावं म्हणून.

सापडलं नाही. आवाज एकच होता.

माझी गाडी कुठेही थांबली नाही. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

परत आल्यावर सुहासने गाडी धुवायला काढली. ज्या गाडीतून माणूस नेतात ती धुवावी लागते. माझी धुवायची गरज नव्हती. तिच्यात नुसत्या शेणी होत्या.

तरी मी त्याच्या शेजारी नेऊन लावली.

 स्वतःचं झाल्यावर त्याने पाइप माझ्या हातात दिला.

मिस्त्री, इंजिनावर पाणी मारलेलं नाही. तुमचं सांगणं लक्षात आहे. लिंबू वाळलंय. येत्या अमावास्येला मी बदलेन, पण बोल्टला पाना लावणार नाही.

एकदा तरी तुम्ही माझी गाडी घाटात न्यायला हवी होती.

या आता. नमस्कार.