वाढदिवसाचा फोटो आणि कासवाची पाठ

म्हैसूरच्या मराठी मंडळींनो, होन्नावरजवळच्या किनाऱ्यावरून आत्ताच इथे म्हैसूरच्या हेब्बाळला घरी पोहोचले. बॅगही न उघडता हे लिहितेय.

माझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला नवरा, मी आणि त्याचा मित्र समीर तिथे तंबू ठोकून राहिलो होतो. आज पहाटे कासवाची मादी अंडी घालायला वाळूवर आली. धापा टाकत, थांबत थांबत. आम्ही लांब गप्प बसलो होतो.

समीर उठला तो थेट तिच्या तोंडासमोर फ्लॅश मारत. "वहिनी, या ना, बर्थडे फोटो!"

"भावजी, मागे या. घाबरेल ती."

तो हसला आणि त्याने तिच्या पाठीवर पाय ठेवून सेल्फी काढला.

मी धावत जाऊन त्याला ढकललं. वाळूत पडला. पण ती वळलीच. अंडी पोटात तशीच घेऊन समुद्रात परत गेली.

नवरा म्हणतो, "सॉरी म्हण. एका कासवासाठी मैत्री तोडणार का?"

नाही म्हटलं. म्हणणारही नाही.

समीरने तो फोटो मघाशी आपल्या याच ग्रुपवर टाकलाय. तुमच्यापैकी सहा जणांनी त्याला हार्ट दिलंय.

कशासाठी, सांगता का?