तिच्या नावावरचे तीन मोबाइल

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. खून नव्हता, दरोडा नव्हता, पेपरात दोन ओळीही आल्या नाहीत. तरी तीस वर्षांच्या नोकरीतला हा तपास मला सर्वांत जवळचा वाटतो.

मी तेव्हा मानोरा भागात ठाणेदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना जवळच्या तांड्यावरची एक बाई थेट माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही. दरवर्षी दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी. यंदा तिला जायचं नव्हतं. गावातच पिठाची गिरणी टाकायची म्हणून बँकेत कर्ज मागितलं, तर मॅनेजरने संगणकात पाहून नकार दिला. तिचा क्रेडिट स्कोअर पार खाली गेला होता. तिच्या नावावर हप्त्यांनी घेतलेले तीन मोबाइल होते आणि त्यातल्या दोहोंचा एकही हप्ता भरलेला नव्हता.

"म्या एकच मोबाइल घेतला सायेब. बाकीचे दोन कोनाचे? माह्या नावाले डाग काहून?"

दसऱ्याला मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, वाटायला येणार होता. ती घेतली की सहा महिने उसाच्या फडावर, आणि नववीतल्या पोरीची शाळा संपली. त्याच्या आत तिला आपलं नाव साफ करून हवं होतं.

वरिष्ठांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "कर्जाची भानगड आहे, दिवाणी मामला. अर्ज घ्या आणि कोर्टाचा रस्ता दाखवा." असा रस्ता मीही पूर्वी कित्येकांना दाखवलेला, खोटं कशाला सांगू? पण त्या दिवशी मला स्वतःचीच चीड आली. "सर, दुसऱ्याच्या नावावर कर्ज काढणं ही फसवणूक आहे. मी गुन्हा दाखल करतोय," म्हटलं आणि फोन ठेवला. बदली करायची तर खुशाल करा, असा माझा तेव्हाचा पवित्रा होता.

दोन दिवसांनी शेलूबाजारच्या एका जीपवाल्याने कानावर घातलं, "सायेब, बाईनं ज्याच्यापासून मोबाइल घेतला ना, तो दुकानदार डब्बाबंद मोबाइल बिनाबिलाचे इकून राह्यला. रोख घेते अन् सस्त्यात देते." म्हणजे कर्ज बाईच्या नावावर आणि मोबाइल विकून रोकड याच्या खिशात.

दुकानदाराला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. माझा अनुभव असा की साधा चोर घाबरतो, पण लोकांच्या विश्वासावर जगणारा चोर उलट रागावतो. हा रागावला. "बाईनं सोता फोटो काढू देल्ला. ओटीपी तिच्याच नंबरवर गेला. कागद पाहा ना!"

कागद खरोखर चोख होते. मी बाईला नंबराचं विचारलं. "मागच्या साली फडावर जाताना जुनं सिम त्याच्यापाशीच ठेवून गेलतो आमी," ती म्हणाली. तांड्यावरची ही रीतच. फडावर मोबाइल हरवतात, पाण्यात पडतात. बँकेला जोडलेला नंबर बंद पडू नये म्हणून सिम ओळखीच्या दुकानदाराकडे ठेवायचं, तो रिचार्ज मारत राहतो. ओटीपी कोणी पाहिला ते कळलं. पण पुरावा?

तीनही अर्ज टेबलावर शेजारी शेजारी मांडले. तारखांमध्ये महिन्या-महिन्याचं अंतर. फोटोत साडी तीच, पण साडी पुन्हा नेसता येते. मग तिच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ दिसलं. अकरा दहा, अकरा बारा, अकरा पंधरा. "फोटो बराबर नाही आला म्हने, तीनदा काढला," बाई म्हणाली. नंतरच्या दोन्ही तारखांना ती फडावर होती, हे मुकादमाच्या हजेरीवहीने सांगितलं.

"काय रे, महिन्यातून एकदा, बरोबर अकराच्या ठोक्यानंतर फोटो काढायला ही बाई उसातून उडत येत होती का?"

दुकानदार खाली बसला. "हप्ते मी भरनारच होतो सायेब." त्याने असे फसवलेले अकरा जण निघाले.

दसरा आला तेव्हा दोषारोपपत्र गेलं होतं, पण बाईच्या नावावरच्या खोट्या कर्जांच्या नोंदी निघाल्या नव्हत्या. तरी बाईने आपली उचल न घेता मुकादमाला दारातून परतवून लावलं. पुढे नवरा भावाबरोबर फडावर गेला, ती राहिली.

दिवाळीनंतर मॅनेजरने आम्हाला बोलावलं. दोन खोटी कर्जं तिच्या नावावरून निघाली होती, पण स्कोअर अजून थोडा कमीच. तिच्या स्वतःच्या मोबाइलचा एक हप्ता खात्यात पैसे नसल्याने परत गेला होता. मी घाईने म्हणालो, "तोही त्या दुकानदाराच्या नावावर टाकू. मी लिहून देतो."

"नाही सायेब. तो हप्ता माहा चुकला, तो राहू द्या. जे माहं नाही ते म्या घेतलं नाही. जे माहं हाय ते दुसऱ्यावर कायले टाकू?"

मॅनेजरने तिच्याकडे पाहिलं, बाकीचे वेळेवर भरलेले हप्ते पुन्हा पाहिले आणि मंजुरीची सही केली.

एक चुकलेला हप्ता, ओळखीने ठेवलेलं सिम, मेहुण्याच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला अभिमानाने दिलेली जामिनाची सही. ही शेवटची सही माझीच; मेहुण्याने हप्ते थकवले आणि तिने माझाही स्कोअर पाडला होता. या सगळ्यांची कुठेतरी नोंद होत असते, हे त्या तपासाने मला शिकवलं. पण मला आठवते ती बाईच. मी हजारो जबाब नोंदवले. स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट न विचारता, ताठ मानेने सांगणारी ती एकटीच होती, आणि खोटं लिहून द्यायला निघालेला मी, ठाणेदार.