आत्याचा घसा आणि आईचं अळू

मंडळी, आज आई जिंकली.

नव्वदच्या सुमारास आम्ही शहाडला चाळीत राहायचो. आईने मोरीच्या पाण्यावर अळू लावलेलं. त्याच्या वड्या खाऊन आत्याचा घसा असा खाजला, की अजूनही प्रत्येक लग्नात ती तो किस्सा सांगते.

आज आत्या आमच्याकडे डोंबिवलीला आलेली. आईने गॅलरीतल्या टबातलं अळू काढून वड्या केल्या, चिंच सढळ हाताने घातली. आत्याने आधी मला खायला लावलं, मग भीतभीत एक वडी तोंडात टाकली.

वडी संपली. ताट लगेच परत पुढे केलं.

निघताना हळूच म्हणाली, "वहिनी, याचा एक कंद द्याल?"

"देते की वन्सं. फक्त मोरीवर लावू नका."

तुमच्याकडे पहिली वडी कोणाला खायला लावतात?