जुन्या सिंथची थरथर

माझा सिंथ म्हणजे लॅपटॉपमधला एक प्रोग्राम. छोटा कीबोर्ड जोडायचा, पडद्यावरची गोल बटणं फिरवायची आणि हवा तो आवाज घडवायचा. दिसायला अगदीच रुक्ष, करडा, सरकारी कपाटासारखा. पण आवाज! कंपनीतली पहिली शिफ्ट संपवून डोकं भणभणत घरी यावं, एक सूर दाबावा आणि माणसात यावं. ज्या कुणी तो बनवला त्याचे पाय धरावेत असं मला अनेकदा वाटलंय.

मी मूळचा लातूरकडचा, चाकणजवळच्या एका गावात भाड्याने राहतो. घरमालक काका तिथलेच जुने शेतकरी. जमीन कंपन्यांत गेली, उरलेल्या तुकड्यावर भाड्याच्या खोल्या उठल्या, पण गावच्या भजनी मंडळातलं काकांचं गाणं काही सुटलं नाही. सत्तरी ओलांडली तरी काय आवाज आहे! मंडळाचे पेटीवाले मुलाकडे राहायला गेले आणि पंचाईत झाली, तेव्हा मी सिंथमध्ये पेटीचा आवाज घडवला आणि लॅपटॉप घेऊन थेट देवळात गेलो. "आता देव बी कंप्युटरवर ऐकनार व्हय?" म्हणत मंडळींनी माझी यथेच्छ टिंगल केली. काका मात्र एक अभंग झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्यो सूर मला धरून चालतोय." त्यानंतर त्यांना दुसरी पेटी चालेना. मी किती फुगलो ते सांगायला नको.

मग सिंथची नवी आवृत्ती आली. जुन्या आवृत्तीत सूर किंचित हलायचा, तो दोष आता काढून टाकलाय, असं बनवणाऱ्यांनी मोठ्या अभिमानाने कळवलं होतं. मला आनंदच झाला. अडचण एवढीच की ती घ्यायची तर माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपची सगळी सिस्टीम बदलावी लागणार, आणि त्यानंतर जुना सिंथ उघडणार नाही. गावचा सप्ताह तोंडावर आला होता, त्यात काकांचं भजन. म्हणून आधी बायकोच्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती चाचणीपुरती टाकली आणि काकांना वर बोलावलं.

नवा सूर इतका सुंदर होता की बायको लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. स्वच्छ, भरदार, जागचा न हलणारा. काकांनी आलाप घेतला आणि मी चपापलो. त्या स्थिर सुरावर काकांचा आवाज थरथरत होता. थोडासाच, पण लपत नव्हता. जुन्या सिंथचा सूर स्वतःच थरथरायचा, दोघांची थरथर एकमेकांत मिसळून जायची आणि आम्ही म्हणायचो, काय गोडवा आहे काकांच्या गळ्यात. ज्याला बनवणारे दोष म्हणत होते, त्यानेच आमच्या गवयाला आजवर सांभाळून घेतलं होतं. मला त्या जुन्या प्रोग्रामची एकदम माया आली.

नव्यात सूर हलवायचं बटण आहे. मी ते घाईघाईने फिरवून पाहिलं. पण ती थरथर मोजूनमापून केलेली, पाळण्याच्या झोक्यासारखी. जुन्याचं वेडंवाकडं डुलणं त्यात नव्हतं.

काका मध्येच थांबले. "माझाच आवाज हालतोय का रं?"

बायको लाटणं घेऊन आत वळली.

"छे हो काका," मी म्हणालो, "सॉफ्टवेअर नवीन आहे. अजून नीट बसलं नाही."

काकांनी टोपी सारखी केली.

"बसू दे त्येला निवांत," ते म्हणाले. "मी हाय तवर जुनंच लाव."