राखून ठेवलेले दीपकण

चिन्नोर शिजायला लागला की त्याचा वास आधी स्वयंपाकघरात मावत नाही, मग तो ओसरीवर येतो, आणि पातेल्यावरचं झाकण खडखडू लागेपर्यंत समोरच्या गल्लीलाही कळून चुकतं की यांच्याकडे कुणीतरी आलं आहे. आलंच असणार, कारण मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या घरात तो बारीक, सुगंधी, दुधाळ तांदूळ घरच्यांसाठी कधी शिजत नाही. पिकवतो आम्हीच, कोठीत वेगळा भरतो आम्हीच, आणि बाराही महिने जाड तांदळाचा भात जेवून त्या कोठीजवळून जाताना नुसता वास घेतो, तेही आम्हीच. "पाव्हनं आलं त काय वाढशीन मंग?" हा आईचा प्रश्न इतका जुना आहे, की त्याला काही उत्तर असू शकतं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

यंदाच्या हिवाळ्यात हा वास मला भलत्याच ठिकाणी आठवला. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, आणि हे मी जरा मोठ्याने सांगते. हळू सांगायचं असतं तर पहाटेच्या थंडीत कॉलेजची बस कशाला धरली असती? ती पदवी बैठकीच्या भिंतीवर काचेआड आहे. मोठी सरकारी परीक्षा निघेल, पोरगी अफसर होईल, या आशेवर मी ती जपून ठेवली होती. मध्ये शाळेत शिकवण्याचं काम आलं, दवाखान्याच्या प्रयोगशाळेतलं आलं. एवढ्याशा कामासाठी का पदवी मोडायची, म्हणून दोन्ही सोडली. आता वारासिवनीच्या एका शेतकरी गटाने तांदूळ तपासायला विज्ञानाची पदवीधर मागितली होती आणि सोमवारी मला हो किंवा नाही कळवायचं होतं. मन हो म्हणत होतं, पण बाबांच्या चेहऱ्यासमोर तो हो काही केल्या ओठांवर येत नव्हता.

अशा वेळी माणूस काय करतो? मी खेळत होते. संगणकावरचा तो खेळ राक्षसांचा, तलवारींचा, आणि मुख्यतः हरण्याचा आहे. मूळ कथा मी कधीच संपवली होती. यंदा तिला एक नवा प्रदेश जोडून आला, खेळणारे त्याला डीएलसी म्हणतात आणि शिव्या घालत विकत घेतात. धुक्याने भरलेल्या दऱ्या, विझलेली देवळं, राखेने माखलेलं रान, आणि वेशीवरच्या पुलावर दगडी शिंगांचा एक रखवालदार! जुन्या प्रदेशात मी महापराक्रमी होते. इथे त्या पराक्रमाला कुणी विचारत नव्हतं. रखवालदार भाला उचलायचा आणि मी पडायची.

दोष माझ्या बिल्डचा असणार, असं मी ठरवलं. पात्राच्या अंगी बळ किती, चपळाई किती, विद्या किती, हातात काय आणि अंगावर काय, या साऱ्या मांडणीला बिल्ड म्हणतात. त्या वेशीवर एक आंधळी कुंभारीण बसलेली असते. ती तुम्हाला ओल्या मातीसारखी मोडते, पुन्हा घडवते आणि मोबदल्यात काही मागत नाही. फुकटात मिळणाऱ्या गोष्टीला आमच्या घराने कधी पाठ फिरवलेली नाही. मी आधी लोखंडात मढलेली गदाधारी झाले. बैहरचा घाट चढणाऱ्या भरगच्च जीपसारखी डुलत गेले आणि गदा उचलेपर्यंत मेले. मग दोन सुऱ्यांची चपळ बाई झाले, वाऱ्यासारखी गेले, वाऱ्यासारखीच विरले. मग काठी घेऊन विद्यावती झाले, दुरून निळ्या ज्वाळा फेकल्या. पण विद्येचं शरीर काचेचं असतं, हे रखवालदाराला माझ्याआधी कळलं. शेवटी ढाल आणि बरची घेऊन साधी शिपाईण झाले, तर ती त्यातल्या त्यात जास्त वेळ टिकून मेली. प्रत्येक नव्या रूपात पहिले काही क्षण किती विलक्षण असतात! आपण आता कुणी निराळेच आहोत, मागच्या हारींचा आपल्याशी संबंध नाही, असं वाटतं. मग तोच भाला येतो.

आई शेजारी मेथी निवडत पाहत असायची. "हे कालचीच बाई हाय का? काल त चांगली जाडी होती."

"तीच आहे. रूप बदललं."

"मरून त तशीच राह्यली."

शनिवारी दुपारी बैहरहून पूनमचा व्हिडिओ कॉल आला. पूनम माझी कॉलेजातली मैत्रीण. तिने तो नवा प्रदेश माझ्या आधी पार केलेला. मी फोन पडद्यासमोर धरला आणि सगळी रूपं सांगून रडगाणं गायलं. ती म्हणाली, "थांब. झोळी उघड तुझी." मी उघडली. ती फोनच्या इतकी जवळ आली की मला तिचं नुसतं कपाळ दिसलं.

"काय वं, हे येवढे दीपकण तसेच काहून पडले हायेत?"

दीपकण म्हणजे त्या प्रदेशातल्या भग्न देवळांत सापडणारे तेजाचे तुकडे. शेकोटीत जाळले की त्या भूमीत तुमचं बळ वाढतं. जळलेला कण परत मिळत नाही. मला माहीत नव्हतं, असं नाही. मी पुलाअलीकडच्या प्रत्येक देवळातून ते वेचले होते आणि एकही जाळला नव्हता.

"पुढं लागतीन म्हनून ठेवले," मी म्हटलं.

"पुढं कवा? तू त पुलावरच मरून राह्यली. लोनचं घालतं का त्यायचं?" आणि मग हसता हसता हिंदीवर आली, "अरे पागल, जलाने के लिए ही दिए हैं।"

मी शेकोटीपाशी बसले आणि एकेक कण जाळला. पहिला टाकताना हात खरोखर अडला. मऊ, केशरी उजेड वर चढत गेला, आणि मला, सांगितलं तर हसाल, आमची चिन्नोरची कोठी दिसली, वासासकट. चांगलं ते उद्यासाठी, हे आम्ही कुणाकडून शिकलो? कुणी शिकवलं नाही. टंचाईत वाढलेल्या घरांना ते चालण्याबोलण्यासारखं आपोआप येतं. आणि टंचाई सरली, तरी मूठ मिटलेलीच राहते. मी रूपामागून रूपं बदलत होते, पण प्रत्येक रूपाने तीच न उघडलेली झोळी खांद्यावर वाहिली होती.

शिपाईणच ठेवली. त्याच ढालीने, त्याच बरचीने रखवालदार त्या दुपारी पडला, आणि माझे खांदे कितीतरी दिवसांनी खाली आले. "मेला का तो?" आईने विचारलं. मेला. "बरं झालं. आता थोडी मेथी तू निवड."

रविवारी सकाळी बाबा अंगणात दाभणाने पोत्याचं तोंड शिवत होते. मी समोर बसले आणि एका दमात वारासिवनीचं सांगून टाकलं.

"मंग जा ना," बाबा म्हणाले.

"तुम्ही साऱ्याइले सांगतलं ना, पोरगी अफसर होईन म्हनून."

"सांगतलं. मले काय मालूम, अफसर काय करते त. तूच म्हने थांबू, म्हनून मीबी थांबलो." त्यांनी सुतळी दाताने तोडली. "तपाशीन काय तिथं?"

"तांदूळ. ओल किती, तुकडा किती, चिन्नोरचा वास खरा आहे का."

बाबा हसले. "आन तुले तो मालूम हाय?"

"वास मालूम हाय," आई दारातून म्हणाली, "चवीचं नाव नको घेऊ."

इतकी वर्षं ते माझ्यासाठी थांबले होते आणि मी त्यांच्यासाठी! आमच्यापैकी कुणालाच ती पदवी काचेआड नको होती, आणि तिघंही तिची राखण करत बसलो होतो. छातीवरचा दगड सरकला म्हणतात, तसं काही मला वाटलं नाही. तिथे दगड नव्हताच, हे कळल्याचं हसू आलं. मी तिथेच, पोत्यांच्या मध्ये बसून, हो कळवून टाकलं.

त्या दुपारी स्वयंपाकघरात मावेनासा होऊन वास ओसरीवर आला, मग गल्लीत गेला. बाबा हातपाय धुऊन आत आले आणि दारातच थबकले. "कोन येऊन राह्यलं वं?"

"कोनी नाही," आई म्हणाली. "बसा जेवाले."

आम्ही बसलो. वाफेत तिघांचे चेहरे जरा धूसर, जरा नवे दिसत होते, आणि बाबा घास चावत नव्हते, नुसता तोंडात धरून बसले होते. मी दुसऱ्यांदा भात घेतला. कोठीत किती उरला, ते पाहायला कुणी उठलं नाही.