छापलेल्यावर विश्वास ठेवणारे श्यामराव

हिंदी मुलखातल्या आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात राहणाऱ्या शेजाऱ्यांचा, श्यामरावकाकांचा, छापलेल्या अक्षरावर फार विश्वास. उभी नोकरी रेल्वेच्या ऑफिसात नियम वाचण्यात आणि पाळण्यात गेली. बिस्किटाच्या पुड्यावर ‘थंड जागी ठेवा’ असं दिसलं, की पुडा फ्रीजमध्ये. मऊ पडलेली बिस्किटं मग तक्रार न करता खायचे. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला त्यांची फिरकी घ्यायला एवढं पुरायचं. पण आनंदीकाकूंच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली आणि माझी थट्टा बंद झाली.

केमो सुरू झाली. काकूंना उलट्या व्हायच्या आणि काका दारात नुसते उभे. पाठीवरून हात फिरवायचंही त्यांना सुचायचं नाही. आपण काहीच करू शकत नाही, हे त्यांना आतून खात होतं. अशा माणसाला गिऱ्हाईक करणं सोपं. समता कॉलनीतल्या एका दुकानदारानं त्यांना कुठल्याशा पानांचा अर्क दिला. गाठ विरघळते म्हणे. बऱ्या झालेल्यांचे व्हिडिओही दाखवले. काका सकाळ-संध्याकाळ चमच्यानं मोजून काकूंना अर्क पाजू लागले. कडू जहर होतं, पण नवऱ्याच्या हाताला काम मिळालं म्हणून काकू मुकाट्यानं प्यायच्या. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

पुढच्या केमोला मीच त्यांना गाडीतून घेऊन गेले. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“लिव्हर के आंकड़े बहुत बढ़ गए हैं. आज केमो नहीं दे सकते. कोई और दवाई चल रही है?”

“नहीं साहब,” काका ठामपणे म्हणाले.

“फिर देखना पड़ेगा, बीमारी लिव्हर तक तो नहीं पहुंची.”

सोनोग्राफी झाली, पण तिच्यावरून खात्री देता येईना. आम्ही बाकावर बसलो. काकूंनी डोळे मिटून घेतले होते. काकांनी पिशवीतून एक बाटली काढून त्यांच्यापुढे धरली.

“घे, वेळ झाली तुही.”

“हे काय आहे काका?” मी विचारलं.

“पानाचा अर्क.”

“मग डॉक्टरांना नाही काहून म्हणालात?”

“त्यायनं दवाई विचारली ना, पोट्टी. हे दवाई नाही. वाच, लिहूनच आहे.”

बाटलीवर बारीक अक्षरांत खरंच छापलं होतं: यह औषधि नहीं है. विकणाऱ्यानं तोंडानं कॅन्सर बरा करायचा आणि कागदावर हात झटकायचे! मला इतका संताप आला, की बाटली हिसकावून मी काकांना दंडाला धरून आत नेलं.

डॉक्टरांनी लेबल वाचलं आणि बाटली बाजूला ठेवली. “ये आज से बंद. कुछ दिन बाद फिर खून जांचेंगे. आंकड़े उतर गए, तो समझो यही था. नहीं उतरे, तो...”

ते दिवस कसे गेले सांगता येत नाही. काकूंचं खाणं तुटलं. एका संध्याकाळी मी खिचडी घेऊन गेले, तर ते देवापुढे बसले होते. मी आल्याचं त्यांना कळलं नाही.

“माह्याच हातानं झालं असू दे, देवा,” ते पुटपुटत होते. “मीच तिले जहर पाजलं असं निघू दे. बाकी काही निघू देऊ नको.”

खिचडी ओट्यावर ठेवून मी परत आले आणि घरी येऊन रडले.

रक्त पुन्हा तपासलं. डॉक्टरांनी रिपोर्ट वरपासून खालपर्यंत पाहिला. “काफी उतर गए. वही अर्क था. अगले हफ्ते केमो दे देंगे.”

काका बाहेर आले आणि बाकावर बसलेल्या अनोळखी माणसांना सांगत सुटले, “हमारे हाथ से हुआ था, भैया. बीमारी नहीं थी. हमने ही किया था.” गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते हसत होते.

काकूंनी त्यांची बाही ओढली. “हळू बोला ना. लोक पाहून राहिले.”

“पाहू दे,” काका म्हणाले. “मीच होतो, आनंदी. मीच.”