डावी मांडी की उजवी

कोपरीतल्या मुलांच्या मधुमेह क्लिनिकमध्ये अक्षदा सावंत यांना खुर्ची मिळाली, टेबल नाही. डोंबिवलीहून येणाऱ्या या मानसशास्त्रज्ञ बाई डॉक्टर सुधीर यांच्या शेजारी, वजनकाट्याला खेटून बसतात. आधी त्यांना वेगळी खोली होती, पण तिथे कोणी फिरकत नसे. "आमची पोर येडी नाय," असं सांगून लोक थेट औषधाच्या खिडकीवर जात.

बाळकुमच्या गोदूबाई भोईरांनीही तेच सांगितलं. त्यांची नात निशा नऊ वर्षांची. सकाळ-दुपारचं इन्सुलिन आई द्यायची. संध्याकाळचं आजीकडे होतं आणि नेमकं तेच चुकायचं. दोन महिन्यांत निशाला दोनदा ॲडमिट करावं लागलं होतं.

"चुकत नाय," गोदूबाई म्हणाल्या. "देव नको बोलतो."

गोदूबाई रोज कौल लावत. देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर सुई द्यायची, डावी पडली तर नाही.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आजी, इन्सुलिन देवाला विचारून देतात का?"

"मंग काय तुला विचारू? तू असतस का संध्याकाली आमचे घरी?"

वजन करायच्या निमित्ताने अक्षदांनी निशाला बाजूला घेतलं आणि पाकळ्या कोण चिकटवतं ते विचारलं.

"मी. डावीला पाणी कमी लावते, पटकन पडते. आजीला सांगू नका हां!"

अक्षदांनी सांगितलं नाही. त्या गोदूबाईंकडे वळल्या. "आजी, सुई द्यायची, हे देवाला माहीतच आहे. कुठल्या मांडीत द्यायची, तेवढंच विचारा."

"हां, ह्ये बरोबर."

"ही चीटिंग आहे!" निशा म्हणाली.

"कसली गो चीटिंग?"

निशा पुन्हा वजनकाट्यावर जाऊन उभी राहिली.

पहिले चार दिवस देवाने डावीच मांडी सांगितली. ती दुखायला लागल्यावर निशा दोन्ही पाकळ्यांना सारखं पाणी लावू लागली. टोचायची जागा बदलत राहा, असं डॉक्टर वर्षभर सांगत होतेच.

तीन महिन्यांत साखरेची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, साडेअकरा टक्क्यांवरून साडेआठवर आली. फाइलमधल्या 'उपाय' या रकान्यात काय लिहायचं, यावर डॉक्टर आणि अक्षदा यांचं अजून एकमत झालेलं नाही.

परवा संध्याकाळी गोदूबाईंचा घाबऱ्या घाबऱ्या फोन आला. "मॅडम, दोनी पाकल्या एकदमच परल्या गो! आता?"

"मग पोटात द्या."

मागून निशाचा आवाज आला, "आजी, परत लाव ना कौल!"

"गप! देवाला दोनदा नाय विचारत."